किक, धक्का आणि उतरलेली बॅटरी



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर गॅरेजवाल्याचा विषय, बचत गटाच्या कार्यक्रमात कशाला? आज आपण मोटारसायकल चालू करण्याचा इतिहास पाहणार आहोत, आणि त्यातही बॅटरी उतरलेली असताना ती चालू करण्याचा.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गटांच्या बैठका घेत आम्ही सहयोगिनी फिरतो, तेव्हा कर्जाच्या वहीत एक बदल सरळ दिसतो. पूर्वी अंतर्गत कर्जाच्या कारणापुढे भाताचं बियाणं, शेळी, आजारपण, घराची कौलं असं लिहिलेलं असायचं. आता तिथे ‘दुचाकी’ हा शब्द वरचेवर येतो. आणि ती दुचाकी नवऱ्यासाठीच असते असंही राहिलेलं नाही. आशाताई, अंगणवाडीताई, कंपनीत पाळीला जाणाऱ्या पोरी, भाजी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया स्वतः गाडी चालवतात. कारण साधं आहे. शहापूर तालुक्यात रेल्वे आहे, पण ती वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करत कसाऱ्याकडे एका रेषेत निघून जाते. किन्हवली, डोळखांब त्या रेषेपासून लांब राहिले. मुरबाड तालुक्यात तर रेल्वे अजून पोचलेलीच नाही. एसटी चुकली की एक तर चालायचं, नाही तर कोणाच्या तरी मागे बसायचं. या ‘कोणाच्या तरी मागे’मधून सुटायचं म्हणून आपण गाडी घेतली. ती गाडी भर पावसात, नेटवर्क नसलेल्या रस्त्यावर चालूच झाली नाही, तर आपण पुन्हा कोणाची तरी वाट बघत उभ्या.

म्हणून हा इतिहास. तो सुरू होतो धक्क्यापासून.

आपल्याला वाटतं धक्का मारणं हा नाइलाज आहे. पण मोटारसायकलच्या जन्मी तीच रीत होती. १८९४ साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात हिल्डब्रँड बंधू आणि वुल्फम्युलर यांनी एक गाडी विकायला काढली. कारखान्यात संख्येने बनवलेली पहिली मोटारसायकल ती हीच. तिला क्लच नव्हता, किक नव्हती आणि बॅटरीही नव्हती. एक नळी तापवून लाल करायची आणि त्या उष्णतेने आत पेट्रोल पेटायचं. इंजिनाचे दांडे रेल्वेच्या इंजिनासारखे थेट मागच्या चाकाला जोडलेले. म्हणजे चाक फिरलं तरच इंजिन फिरणार. तेव्हा मालकाने गाडी धरून पळायचं, इंजिनाने धरलं की उडी मारून वर बसायचं. थांबला की इंजिनही बंद, की पुन्हा पळा. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांना सायकलसारखे पायडल असायचे, ते मारून इंजिन जागं करायचं.

ठिणगीचा प्रश्न सुटला तो मॅग्नेटोमुळे. तुमच्यापैकी ज्यांनी सायकलचा डायनॅमो पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. चाक फिरलं की दिवा लागतो, बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो तसाच, चुंबक आणि तारेचं वेटोळं. इंजिन फिरवलं की तो स्वतःच वीज करतो आणि प्लगला ठिणगी देतो. जर्मनीच्या बॉश कंपनीतल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ मध्ये मोठ्या दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि पुढची कितीतरी वर्षं मोटारसायकली त्याच्यावर चालल्या. अशा गाडीची ‘बॅटरी उतरली’ असं होऊच शकत नाही, कारण ठिणगीसाठी ती बॅटरी मागतच नाही. पुढे आपल्या घरांत आलेल्या बहुतेक जुन्या स्कूटरी आणि लुना याच वंशातल्या.

राहिलं पळणं. १९०८ च्या सुमारास इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात आल्फ्रेड स्कॉट नावाच्या माणसाने आपल्या गाडीला पायाने दाबायचा दांडा बसवला, तीच किक. आज किक म्हटलं की आपल्याला ताकद, लाथ, घाम आठवतो. पण तेव्हा ती सोय होती. गाडीबरोबर पळायची गरज उरली नाही, जागेवर उभं राहून इंजिन चालू करता येऊ लागलं. शर्यतींमध्ये मात्र पळून गाडी चालू करण्याची जुनी रीत फार टिकली. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल शर्यती अगदी १९८६ पर्यंत धक्का मारून सुरू व्हायच्या. झेंडा पडला की सगळे गाड्या ढकलत पळायचे.

या किकच्या काळातली दोन बायकांची गोष्ट सांगायलाच हवी. १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडलीन व्हॅन ब्युरन या दोघी बहिणी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, आपापली मोटारसायकल चालवत गेल्या. रस्ते बहुतेक चिखलाचे. त्यांचा हेतू असा होता की लढाई झाली तर सैन्याचे निरोप पोचवायचं काम बायकाही करू शकतात हे दाखवायचं. वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. कशासाठी, तर पुरुषी कपडे घातले म्हणून. लुगड्यात किक मारायची कशी हा आपला प्रश्न, तर विजार घातली म्हणून पकडणार हा त्यांचा. सैन्याने त्यांना ते काम दिलं नाही ते नाहीच.

आता बटणाकडे येऊ. आपण समजतो सेल्फ स्टार्ट ही अलीकडची चैन आहे. मोटारगाडीत ती १९१२ साली कॅडिलॅकमध्ये आली आणि दोनच वर्षांत, १९१४ मध्ये, अमेरिकेतल्या इंडियन नावाच्या कंपनीने बटणावर चालू होणारी मोटारसायकल बाजारात आणली. ती फसली. इंजिन आणि बटण ठीक होतं, दगा दिला बॅटऱ्यांनी. त्या काळच्या बॅटऱ्या हादरे सोसायच्या नाहीत, आणि चालत्या गाडीवर त्या नीट भरतील अशी व्यवस्थाही नव्हती. चार-दोनदा चालू केलं की संपल्या. कंपनीने वर्षभरात ती गाडी मागे घेतली. म्हणजे बटण जितकं जुनं, तितकीच त्याची ही अडचणही जुनी.

पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या कित्येक गाड्यांमध्ये ठिणगी बॅटरीतून घेण्याची पद्धत आली. तेव्हा लुकास कंपनीच्या विजेच्या सामानात एक गोष्ट होती ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. चावीच्या खटक्याला तीन जागा असायच्या. बंद, चालू आणि ‘इमर्जन्सी’. बॅटरी पार उतरली असेल तर खटका तिसऱ्या जागी फिरवायचा आणि किक मारायची. इंजिन फिरून तयार झालेली वीज बॅटरीकडे न जाता सरळ ठिणगीकडे जायची आणि गाडी चालू व्हायची. चालू झाल्यावर खटका नेहमीच्या जागी आणायचा, की बॅटरी भरू लागायची. म्हणजे कारखान्यात बसलेल्या कोणीतरी विचार केला होता, की ही गाडी कधीतरी आडरानात बंद पडेल, आणि चालवणारा एकटा असेल.

बटण खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या हाती दिलं ते जपानच्या होंडाने. १९५८ मध्ये त्यांनी सुपर कब नावाची हलकी गाडी काढली. दुकानातून शेवया पोचवणाऱ्या पोराला एका हातात ताट धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, म्हणून तिला हाताचा क्लचच ठेवला नाही. १९६० मध्ये तिचाच बटणवाला प्रकार आला. ही गाडी पुढे जगात दहा कोटींच्या वर खपली.

आपल्याकडे मात्र किकचं राज्य लांबलं. १९५५ पासून मद्रासला बुलेट बनू लागली. बुलेट चालू करणं ही एक विद्याच होती. हँडलजवळची छोटी मूठ दाबून इंजिनातला दाब सोडायचा, काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूच खाली न्यायची, मूठ सोडायची आणि मग पूर्ण वजनाने किक. क्रम चुकला तर किक उलटी यायची आणि पायाची नडगी फुटायची. गावात ज्याला पहिल्या किकला बुलेट चालू करता यायची त्याचा रुबाब काही वेगळाच. म्हैसूरला बनणाऱ्या जावा आणि येझदीची गंमत अशी, की किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. राजदूत दूधवाल्यांची. या गाड्यांच्या गोष्टी आपल्या गावात अजून रंगवून सांगितल्या जातात, पण त्या सांगणारे सगळे काका-मामा. एकही मावशी नाही.

पुण्याच्या आकुर्डीत बनलेली बजाज चेतक १९७२ ची. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं तिच्यासाठी. ती चालू होईना की मालक तिला एका अंगाला कलती करायचा, जरा थांबायचा, सरळ करायचा आणि पुन्हा किक. हे दृश्य तिशी-चाळिशीतल्या सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे. चेतकच्या चालकामागे बाई एका अंगाला बसायची, मांडीवर एक पोर, पुढे उभं दुसरं. किक मारताना मात्र सगळ्यांनी खाली उतरायचं. साडीत ती किक मारणं किती अवघड, याचा हिशेब कंपनीने कशाला करावा? उजवा पाय गुडघ्याच्या वर उचलायचा, निऱ्या सांभाळायच्या, आणि शंभर किलोंचं धूड डाव्या पायावर तोलायचं.

बायकांसाठी पहिली वाट उघडली ती लुनाने, असं आम्हाला वाटतं. तीही १९७२ चीच, आणि बनली कुठे, तर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. मुरबाडवरून निघून माळशेज घाट चढलात आणि तोच रस्ता धरून गेलात की जे शहर लागतं, ते. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने काढलेली ही पन्नास सीसीची गाडी पायडल मारून चालू व्हायची. सायकल चालवता येणाऱ्या बाईला लुना परकी वाटत नव्हती. शिक्षिका, नर्सबाई, टपाल खात्यातल्या बाया लुनावर दिसू लागल्या. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. बॅटरीचा संबंधच नाही. आज आपण हसतो तिला, पण अडल्या वेळी बाईला स्वतःच्या पायावर घरी आणणारी गाडी म्हणून लुनाचं नाव घ्यायला हवं.

आणि मग १९८४. त्याच कायनेटिकने होंडाबरोबर मिळून गिअर नसलेली, बटणावर चालू होणारी स्कूटर आणली. कायनेटिक होंडा. ना क्लच, ना गिअर, ना किकसाठी पाय उचलणं. साडी नेसलेली बाई तिच्यावर बसायची, अंगठ्याने कळ दाबायची आणि निघायची. शहरांत या गाडीने किती बायकांना नोकरीवर नेऊन पोचवलं असेल ते त्या बायकांनाच विचारा. पुढे स्कूटी आली, २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली, आणि आपल्या दोन तालुक्यांत ‘बायकांची गाडी’ म्हणजे गिअर नसलेली स्कूटर हे ठरून गेलं. पुरुषांनी १९८५ पासून शंभर सीसीच्या हिरो होंडा घेतल्या. हलकी किक, कमी पेट्रोल. त्या काळच्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांना ठिणगी इंजिनावरच्या वेटोळ्यातून मिळायची, त्यामुळे बॅटरी मेली तरी किकने चालू व्हायच्या. फक्त हॉर्न वाजायचा नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कायनेटिक होंडाला बटण होतं तशी किकही होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ सगळ्या गाड्यांना दोन्ही असायचं. बटण रोजच्यासाठी, किक अडल्या वेळी. किक जाऊ लागली ती अलीकडे. २०२१ मध्ये नवी क्लासिक बुलेट आली तीसुद्धा किकशिवाय. ज्या गाडीची ओळखच किक होती, तिची ही गत, मग इतरांचं काय सांगावं? किक काढली की कंपनीचा खर्च वाचतो, वजन कमी होतं. आणि गिऱ्हाईक शोरूममध्ये किक मारून बघतं कुठे?

आता २०२० चा मार्च आठवा. २५ मार्चपासून देश बंद झाला. आपल्या गटांनी तेव्हा मास्क शिवले, रेशन वाटलं. पण पडवीत, अंगणात, आसनगाव स्टेशनच्या बाहेर ज्या गाड्या उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या. दुचाकीची बॅटरी छोटी, साधारण तीन ते पाच अँपिअर-अवरची. नुसती उभी राहिली तरी थोडी थोडी उतरते, आणि महिना दोन महिने रिकामी राहिली की आतल्या शिशाच्या पाट्यांवर क्षार धरतो आणि मग ती भरूनही भरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लोकांनी गाड्या बाहेर काढल्या तेव्हा गावोगाव एकच दृश्य. ज्यांच्या गाडीला किक होती ते पाच-दहा किकमध्ये निघून गेले. गिअरवाल्यांनी उतारावर धक्का मारला. बिनकिकच्या गाड्या उभ्या, आणि बॅटरीची दुकानं बंद.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, १ एप्रिल २०२० ला, बीएस-सहाचा नियम लागू झाला. धूर कमी व्हावा म्हणून आलेला चांगला नियम, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्यामुळे बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आपोआप उतरायचं आणि हवेबरोबर ओढलं जायचं. इंजेक्शनच्या गाडीत विजेचा पंप पेट्रोल दाबाने पाठवतो आणि एक छोटा संगणक ते किती सोडायचं हे ठरवतो. पंपाला वीज हवी, संगणकाला वीज हवी. म्हणजे आधी फक्त चालू करायला बॅटरी लागायची, आता ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही तिच्याच भरवशावर. बॅटरी अगदीच मेली तर अशा गाडीला धक्का मारूनही उपयोग होईलच असं नाही.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. लावणीचे दिवस. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर आपल्या गटातल्या एका ताईला बांधावर साप चावला. संध्याकाळ झालेली. नवरा भिवंडीच्या गोदामात दुसऱ्या पाळीला. पडवीत स्कूटर होती, गटाच्याच कर्जातून घेतलेली, पण पावसामुळे पंधरा दिवस हलवलेली नव्हती. जावेने कळ दाबली तर नुसता ‘टक्’ आवाज. किक नाही. पोरं धावली, त्यांनी स्कूटर रस्त्यावर आणून ढकलायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. गिअर नसलेली स्कूटर ढकलून चालू होत नाही हे त्या वेळी तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाव तास त्यात गेला. शेवटी खालच्या आळीतल्या एका आजोबांची जुनी शंभर सीसीची गाडी आणली. तिची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली. हॉर्न नाही, दिवा मिणमिणता. दुसऱ्या किकला चालू झाली. ताईला मधे बसवून, पाय हलू न देता, शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शन वेळेत मिळालं. ती आता बरी आहे, या वर्षी लावणीलाही होती. पण तो पाव तास आम्हा सगळ्यांच्या मनात राहिला. पाड्यावर चार गाड्या होत्या आणि कोणती गाडी कशी चालू होते याची माहिती एकीलाही नव्हती.

तर ती माहिती आता नीट घेऊ.

गाडी चालू होत नाही म्हटल्यावर लगेच बॅटरीवर खापर फोडू नका. उजव्या मुठीजवळचं लाल बटण बंदवर गेलंय का बघा. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन चालू होत नाही. स्कूटरला कळ दाबताना ब्रेक दाबावा लागतो. हे तिन्ही ठीक असेल तर चावी फिरवून कान द्या. इंजेक्शनच्या गाडीत दोन-तीन सेकंद ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. तो ऐकू आला आणि मीटरवरचे दिवे लागले, तर बॅटरीत थोडी धुगधुगी आहे. इंजिन फिरवण्याएवढी ताकद नाही, पण किकने किंवा धक्क्याने काम होऊ शकतं. आवाज नाही, दिवा नाही, तर धक्का मारून दम घालवू नका.

धक्का फक्त गिअर आणि हाताचा क्लच असलेल्या गाडीला. चावी चालू, दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा. पहिला गिअर नको, त्यात चाक अडकून घसरतं. उतार मिळाला तर उत्तम, नाहीतर दोघींनी मागून ढकलायचं. गाडीने धावण्याइतका वेग घेतला की सीटवर अंग टाकून क्लच झटकन सोडायचा. चाक साखळीला फिरवतं, साखळी इंजिनाला. इंजिनाने धरलं की लगेच क्लच पुन्हा दाबा, नाहीतर गाडी उसळी घेते. ओढणी, पदर आधी खोचून घ्या, हेल्मेट घाला, आणि माळशेज किंवा कसारा घाटाच्या वळणावर हा प्रयोग करू नका, तिथले ट्रक थांबत नाहीत. चालू झाल्यावर जागेवर भुरभुर करत ठेवून बॅटरी भरत नाही. अर्धा तास तरी चालवा.

स्कूटरला हे का लागू नाही? तिच्यात इंजिन आणि चाक यांच्यामध्ये पट्टा असतो आणि एक असा क्लच, की जो इंजिन जोरात फिरलं तरच पकडतो. इंजिन बंद, म्हणजे पकड नाही, म्हणजे तुम्ही कसाऱ्यापर्यंत ढकललीत तरी फक्त चाक फिरणार. स्कूटरला किक असेल तर मुख्य स्टँडवर उभी करा, मागचा ब्रेक दाबा, किक आधी हळू दाबून जिथे अडते तिथे आणा, वर येऊ द्या, आणि मग पूर्ण दाबा. लाथ मारू नका. आणि आठवड्यातून एकदा, गरज नसताना, किकनेच चालू करा. आम्ही कित्येक स्कूटरींच्या किका गंजून अडकलेल्या पाहिल्या आहेत. ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती हलत नाही.

उरला तिसरा मार्ग, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज घेणं. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या हव्यात. दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजा खुणेला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. मग आपली गाडी चालू करा आणि वायरी उलट्या क्रमाने काढा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूज जातो, कधी तो छोटा संगणकही जातो, आणि त्याची किंमत ऐकून चक्कर येते. जवळ विडी, काडी काही नको. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर हात लावू नका.

आता आमच्या बैठकीत जो वाद चालू आहे तो तुमच्यासमोर ठेवते. दुचाकीसाठी कर्ज मागणाऱ्या सदस्येला काही गटांनी विचारायला सुरुवात केली आहे, की गाडीला किक आहे का? जुन्या बाया म्हणतात, किक नसलेल्या गाडीला कर्जच देऊ नका. तरुण पोरी म्हणतात, ताई, पुढे इलेक्ट्रिकच येणार आहे, तिला तर इंजिनच नाही, किक कुठे लावणार? आणि ते खरं आहे. चेतक २०२० पासून विजेवर धावते, नाव घोड्याचंच ठेवून. विजेच्या काही स्कूटरींत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टचीही असते, आणि ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. हे विकणारा सांगत नाही, विचारावं लागतं.

आमचं मत असं, की कर्ज अडवू नये, किकवाल्या गाड्या अजून मिळतात हे मात्र सांगावं. ज्या पाड्यावर रात्री दुसरी गाडी नाही, तिथे किकचीच घ्यावी. ज्यांनी बिनकिकची घेतली आहे त्यांच्यासाठी ग्रामसंघाने एक जोड वायर घेऊन ठेवावी. मोंढरीच्या शेळीपेक्षा तिला फारच कमी पैसे पडतात. ती कोणाच्या घरी ठेवायची यावरही वाद झालाच. अध्यक्षांच्या घरी की रस्त्याला लागून असलेल्या घरी? रस्त्याजवळच्या घरी, असं तीन गटांनी ठरवलं आहे, बाकीच्यांचं बोलणं चालू आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकांमध्ये आम्ही वायर लावून दाखवणार आहोत, आधी सरळगावला, मग किन्हवलीला. आपापली गाडी घेऊन या. बॅटरी कुठे आहे ते प्रत्येकीने स्वतःच्या गाडीत शोधायचं आहे. काही गाड्यांत ती सीटखाली असते, काहींत पाय ठेवतो त्या फळीखाली, आणि ती उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो घरून आणा.